साहेब चांगले आहेत, पण बिलावर मागची तारीख घालायला सांगतात

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर लक्षात येईल. तुम्ही चार वर्षं हिशेब विभागात आहात. गेल्या तिमाहीचा आकडा कमी पडत होता. माल गेला तीन तारखेला, पण साहेबांनी दोन बिलांवर मागच्या महिन्याची शेवटची तारीख घालायला सांगितली आणि तुम्ही ती घातलीत. या तिमाहीला पुन्हा तोच निरोप आला आहे. सहकारी म्हणतात, हे नेहमीचंच आहे, यात कुणाचं काही बिघडत नाही. साहेब माणूस म्हणून चांगले आहेत, तुमच्या घरच्या अडचणीत त्यांनी दोन महिने तुम्हाला सांभाळून घेतलं. तुम्ही विचारता : नीतीने वागायची जबाबदारी सांगणाऱ्याची की करणाऱ्याची? आणि नकार द्यायचा तर कसा?

सरळ उत्तर देते. या वेळी तारीख घालू नका. गेल्या वेळची चूक तुम्ही स्वतःहून दुरुस्त करायला घ्या. आणि हे दोन्ही साहेबांना आधी सांगून करा, त्यांच्या पाठीमागे नको.

मी बावीस वर्षं कंपन्यांच्या अंतर्गत चौकशांचं काम करते. चौकशीच्या टेबलापलीकडून सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे 'मला सांगितलं म्हणून मी केलं.' त्याच दिवशी दुपारी साहेब समोर येऊन बसतात आणि म्हणतात, 'मी असं करायला कधीच सांगितलं नव्हतं.' गंमत नाही, दोघंही बहुतेक वेळा मनापासून बोलत असतात. साहेब म्हणालेले असतात, 'काहीतरी बघ, आकडा बसला पाहिजे.' ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ लावलेला असतो. तुमच्या बाबतीत तर निरोप स्पष्ट आहे, म्हणून सांगणाऱ्याचा वाटा मोठा. तुमचं अप्रेझल, बढती, रजा त्यांच्या हातात आहे आणि ते त्यांना पुरेपूर ठाऊक आहे. पण नोंद तुमच्या लॉगिनने झाली आहे. चौकशीत पहिलं नाव तेच निघतं.

'कुणाचं काही बिघडत नाही' या वाक्याकडे जरा थांबून बघू, कारण तुमची झोप त्यानेच उडवली आहे असं मला वाटतं. तो आकडा कुणीतरी वाचणार आहे. कंपनीला कर्ज देणारी बँक वाचेल, मालक किंवा भागधारक वाचतील, पुढच्या वर्षी किती माणसं घ्यायची हे ठरवणारे वाचतील. ते तुमच्या तारखेवर विसंबून निर्णय घेतील. आणि दुसरं, जे हिशेबातल्या माणसाला लगेच पटेल : ती दोन बिलं तुम्ही कुठून आणलीत? पुढच्या तिमाहीतून. म्हणजे ही तिमाही सुरू झाली तीच दोन बिलांनी तुटीत. खरी विक्री वाढली नाही तर आता दोन नाही, चार बिलं ओढावी लागतील. 'एवढ्या वेळी कर' हे वाक्य म्हणूनच कधी एका वेळेवर थांबत नाही. सांगणारा खोटं बोलत असतो असं नाही. त्यालाही खरंच वाटत असतं की पुढच्या वेळी भरून निघेल.

याचं जे उदाहरण मी नव्या हिशेबनिसांना नेहमी सांगते ते वर्ल्डकॉम या अमेरिकन दूरसंचार कंपनीचं आहे. २००० सालच्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या हिशेब विभागातल्या बेटी व्हिन्सन यांना वरून सांगण्यात आलं की खर्चासाठी बाजूला ठेवलेल्या तरतुदीतले ८२.८ कोटी डॉलर वळवून खर्च कमी दाखवा. त्यांना ते चुकीचं वाटलं. त्यांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने राजीनामा देण्याचा विचारही केला. वित्तप्रमुख स्कॉट सुलिव्हन यांनी त्यांना समजावलं : विमानं हवेत आहेत, ती आधी उतरू द्या, मग जायचं तर जा, अशा अर्थाचं. हे एकदाच होईल असं सांगितलं गेलं. त्या थांबल्या. २००१ च्या पहिल्या तिमाहीत पुन्हा तूट होती आणि वळवण्याजोग्या तरतुदी संपल्या होत्या, म्हणून रोजचा खर्चच भांडवली मालमत्ता म्हणून, म्हणजे पुढे अनेक वर्षं उपयोगी पडणारी वस्तू घेतल्यासारखा, दाखवायला सुरुवात झाली. २००२ च्या जूनमध्ये ३८० कोटी डॉलरची फिरवाफिरव बाहेर आली, अंतिम आकडा ११०० कोटींच्या पुढे गेला. मुख्य अधिकारी बर्नार्ड एबर्स यांना २५ वर्षांची शिक्षा झाली, सुलिव्हन यांना ५ वर्षांची. आणि बेटी व्हिन्सन यांनाही ५ महिन्यांचा तुरुंगवास झाला. त्यांनी तपासात मदत केली होती, स्वतःच्या खिशात काही घातलं नव्हतं. तरी 'वरून सांगितलं होतं' एवढ्याने त्या सुटल्या नाहीत.

दोन बिलं आणि ११०० कोटी डॉलर यांची बरोबरी मी करत नाही. पण त्या बाईंची पहिली तिमाही तुमच्या पहिल्या तिमाहीसारखीच होती : एक चांगला साहेब, एक अडचणीचा महिना आणि 'एवढ्या वेळी'.

आता साहेबांच्या उपकारांचं. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे, आणि त्याला कमी लेखणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. ज्याने पडत्या काळात हात दिला त्याला 'नाही' म्हणणं अंगावर येतं. पण उपकार फेडायचे ते आपल्या मालकीच्या गोष्टीने. तुमचा वेळ तुमचा आहे, कष्ट तुमचे आहेत. त्यांच्यासाठी रात्री उशिरापर्यंत थांबा, त्यांच्या अडचणीला धावून जा. हिशेबाचं पुस्तक मात्र तुमच्या मालकीचं नाही, त्यामुळे त्यातून कुणाचे उपकार फेडता येत नाहीत. दुसरी गोष्ट : त्यांनाही बहुधा कुणीतरी वरून दाबत आहे. तुमच्या नकारामुळे त्यांना वर जाऊन 'आकडा कमी आहे' हे सांगणं भाग पडेल. तिसऱ्या तिमाहीनंतर सांगण्यापेक्षा आज सांगणं त्यांच्यासाठी कितीतरी स्वस्त आहे.

नकार कसा द्यायचा? एकांतात, शांत वेळी, इतरांसमोर नको. साहेबाला चारचौघांत कोंडीत पकडलं तर तो तारखेचा विचार करत नाही, आब राखायचा विचार करतो. आरोपाची भाषा टाळा. 'तुम्ही मला खोटं करायला लावता' असं म्हणालात तर चर्चा तुमच्या सुरावर जाईल. वस्तुस्थिती सांगा आणि लगेच मदत पुढे करा. उदाहरणार्थ : 'सर, माल तीन तारखेला गेटबाहेर गेला, गेट पासवर आणि चलनावर तसंच आहे. मला बिलावर आधीची तारीख घालता येणार नाही. आकडा का कमी आला आणि पुढच्या महिन्यात काय येणार आहे, याचं टिपण मी संध्याकाळपर्यंत तयार करून देईन, ते वर दाखवता येईल.' यात 'मला योग्य वाटत नाही' असं नाही, 'घालता येणार नाही' असं आहे, हे लक्षात घ्या. वाटण्यावर वाद घालता येतो. गेट पासवर घालता येत नाही.

बरेच साहेब इथेच थांबतात, हा माझा अनुभव आहे. निरोप देताना त्यांनी स्वतःही ती गोष्ट शब्दांत नीट ऐकलेली नसते. समोरच्याने ती साध्या भाषेत म्हणून दाखवली की ऐकू येते.

नाही थांबले तर म्हणा, 'सर, मग मला हे मेलवर कळवा.' लेखी मागितल्यावर निम्म्या सूचना विरून जातात. त्यांनी लिहिलं नाही तर त्याच दिवशी तुम्ही दोन ओळींचा मेल करा : आज आपलं या बिलांबद्दल बोलणं झालं, माल अमुक तारखेला गेल्यामुळे बिल त्याच तारखेने काढत आहे. धमकी नको, उपदेश नको. घरी एक वही ठेवा, तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, त्याच दिवशी लिहा. महिन्याभराने आठवून लिहिलेल्या नोंदीला फारशी किंमत राहत नाही. आणि एक कळकळीची सूचना : कंपनीची कागदपत्रं स्वतःच्या खासगी मेलवर पाठवू नका, गठ्ठे घरी नेऊ नका. खरी तक्रार करणारी माणसं याच एका चुकीमुळे स्वतःच आरोपी झालेली मी पाहिली आहेत. पुरावा जिथे आहे तिथेच राहू द्या, फक्त तो कुठे आहे हे बिल क्रमांकासह वहीत टिपून ठेवा.

आता गेल्या वेळची दोन बिलं. तुम्ही त्यांच्याबद्दल प्रश्नात फार लिहिलेलं नाही, पण ती तिथेच आहेत. फक्त या वेळी नकार देऊन गप्प बसलात तर तुमचा नकार लंगडा पडेल, कारण साहेब म्हणू शकतात, 'मागच्या वेळी तर केलंस.' आणि पुढे ऑडिटरला ती सापडली तर तुम्ही लपवलीत असं होईल. म्हणून त्याच बोलण्यात सांगा : 'गेल्या तिमाहीची दोन बिलं चुकीच्या तारखेने गेली आहेत. तारीख मी घातली, ती माझी चूक आहे. दुरुस्ती कशी करायची हे आपण विभागप्रमुखांना विचारून घेऊ.' परस्पर उलट नोंद करून ती पुसायला जाऊ नका. बंद झालेल्या काळातली नोंद गुपचूप बदलणं ही दुसरी चूक ठरते. स्वतःहून कबूल केलेल्या चुकीकडे आणि पकडलेल्या चुकीकडे चौकशी करणारा वेगळ्या नजरेने बघतो. माझ्या इतक्या वर्षांत स्वतःहून पुढे आलेल्या, पैसे न खाल्लेल्या कनिष्ठ माणसाची नोकरी घालवावी अशी शिफारस मी एकदाही केलेली नाही. तरीही सगळ्यांच्या बाबतीत तसंच होईल असं वचन मी तुम्हाला देऊ शकत नाही. काही कंपन्या सूड घेतात. बदली होते, बैठकांना बोलावणं थांबतं, अप्रेझल अचानक उतरतं. म्हणून साहेबांच्या वर तक्रार नेण्याआधी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला एकदा भेटून या. तक्रारदाराला संरक्षण देणारे कायदे बऱ्याच देशांत आहेत, पण ते कुणाला आणि कोणत्या मार्गाने तक्रार केली तर लागू होतात हे जागोजागी वेगळं असतं.

साहेबांशी बोलून काही झालं नाही तर त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याकडे, अंतर्गत लेखापरीक्षण विभागाकडे, किंवा तक्रारीसाठी वेगळी खिडकी असेल तर तिथे जा. लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा : मी काय पाहिलं, मी काय ऐकलं, मला काय वाटतं. तिसरी गोष्ट शक्यतो वगळाच. 'सगळा विभाग भ्रष्ट आहे' या वाक्यावर चौकशी होत नाही. 'अमुक क्रमांकाच्या बिलावर ३० तारीख आहे आणि त्याच मालाच्या गेट पासवर ३ तारीख आहे' यावर होते. अशा माहितीचं मोल किती, तर प्रमाणित फ्रॉड परीक्षकांची अमेरिकेतली संघटना दर दोन वर्षांनी जगभरातल्या गैरव्यवहारांचा अभ्यास करते, त्यात वर्षानुवर्षं एकच चित्र आहे : साधारण ४० टक्के किंवा त्याहून थोडी अधिक प्रकरणं कुणीतरी माहिती दिल्यामुळे उघड होतात, आणि माहिती देणाऱ्यांत सुमारे निम्मे कंपनीतलेच कर्मचारी असतात. ऑडिट बरंच मागे आहे.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कंपनीत गोदामातल्या एका माणसाने नाव न देता तक्रार केली होती. मी व्यवस्थापकाला प्रश्न विचारताना एक तपशील बोलून गेले, जो त्या पाळीतल्या एकाच माणसाला माहीत असणं शक्य होतं. नाव मी घेतलं नव्हतं, पण नाव कळायला तेवढं पुरलं. चौकशीत तक्रार खरी ठरली. तोपर्यंत त्या माणसाने रोजचा टोमणा सहन न होऊन नोकरी सोडली होती. तेव्हापासून कुठलाही प्रश्न विचारण्याआधी मी स्वतःला विचारते, हे मला आणखी कुठल्या मार्गाने कळलं असतं? तसा मार्ग नसेल तर आधी तो तयार करते, म्हणजे सरसकट सगळ्या पाळ्यांची कागदपत्रं मागवते. चौकशी करणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं मला तीव्रतेने वाटतं. गोपनीयता म्हणजे फक्त नाव न घेणं नव्हे.

हे उत्तर वाचणाऱ्यांत काही साहेबही असतील, त्यांच्याशी जरा सविस्तर बोलते, कारण वातावरण त्यांच्या टेबलावर ठरतं.

तुमच्या हाताखालचा माणूस नीतीने वागेल की नाही हे त्याच्या स्वभावावर जेवढं अवलंबून आहे, त्याहून जास्त या एका गोष्टीवर आहे : वाईट बातमी तुमच्यापर्यंत यायला किती वेळ लागतो. 'आकडा कमी आहे' ही बातमी ज्या विभागात महिन्याच्या दहा तारखेला वर येते, तिथे एकतीस तारखेला कुणाला तारीख बदलावी लागत नाही. जिथे ती बातमी आणणाऱ्यालाच झापलं जातं, तिथे ती येत नाही, तिच्याऐवजी बसलेला आकडा येतो. आणि साहेब खूश होतात.

वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेचं प्रकरण याच जातीचं. प्रत्येक ग्राहकाला आठ उत्पादनं विकण्याचं उद्दिष्ट होतं आणि शाखांमधल्या लोकांच्या मागे रोजचा तगादा होता. लोकांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावावर खाती उघडली. २०१६ साली १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, तेव्हा बँकेने सांगितलं की पाच वर्षांत सुमारे ५,३०० जणांना काढलं आहे. हा आकडा वाचून मी बराच वेळ विचार करत बसले होते. पाच हजार माणसं वेगवेगळ्या शाखांत, एकमेकांना न ओळखता, एकाच प्रकारे खोटं वागतात तेव्हा प्रश्न पाच हजार स्वभावांचा नसतो. उद्दिष्ट प्रामाणिकपणे गाठता येण्याजोगंच नव्हतं, आणि ते तसं आहे हे सांगणाऱ्याचं ऐकायला कुणी तयार नव्हतं. पुढच्या वर्षी अशा खात्यांचा संभाव्य आकडा ३५ लाखांपर्यंत गेला.

म्हणून टार्गेट देताना 'कसंही करा' हे दोन शब्द तोंडातून काढू नका. समोरचा ते शब्दशः घेतो. उलट आकडा चांगला आला की विचारा, कसा आला? वाईट आल्यावर सगळेच विचारतात. चांगल्या आकड्याची चौकशी करणारा साहेब फसवणं फार कठीण असतं.

दुसरं, शंका घेणाऱ्यावर पुराव्याचं ओझं टाकू नका. १९८६ च्या २७ जानेवारीच्या रात्री अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाच्या रॉकेटचे अभियंते सांगत होते की एवढ्या थंडीत जोडांमधली रबरी कडी नीट काम करेल याची खात्री नाही, उड्डाण पुढे ढकला. त्या बैठकीत प्रश्न नकळत उलटा झाला. 'सुरक्षित आहे हे सिद्ध करा' असं उड्डाण करणाऱ्यांना विचारायला हवं होतं. त्याऐवजी अभियंत्यांना 'धोका आहे हे सिद्ध करा' असं झालं. त्यांच्याच कंपनीतल्या एका वरिष्ठाने अभियांत्रिकी प्रमुखाला सांगितलं की अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत सात जणांचा जीव गेला. तुमच्या विभागात जीव जात नसेल, पण 'तुझ्याकडे पुरावा आहे का?' हा पहिला प्रश्न तिथेही तोच परिणाम करतो. पहिला प्रश्न असावा, 'काय पाहिलंस, सांग.' तेवढ्या पहिल्या दहा सेकंदांत तुमच्या चेहऱ्यावर काय दिसलं हे विभागात दुपारपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं.

आणि नियम मोडणारा सगळ्यात जास्त विक्री करणारा असेल तर? त्याला समज आणि नव्या माणसाला नोटीस, असं एकदा जरी झालं तरी तुमच्या आचारसंहितेची पुस्तिका कुणी पुन्हा उघडत नाही.

कर्मचाऱ्यांच्या बाजूच्या लहान गोष्टी, म्हणजे सहकाऱ्याची हजेरी लावणं, दुसऱ्याचं काम आपल्या नावावर दाखवणं, वाढवलेली प्रवासबिलं, यांवर लांबण लावत नाही. चूक ती चूकच. एवढंच सांगते की जिथे साहेबांच्या तारखा बदलतात तिथे प्रवासबिलं तपासायला कुणाची जीभ रेटत नाही.

पुन्हा तुमच्याकडे येते. आज घरी जाऊन वही काढा आणि गेल्या वेळच्या दोन्ही बिलांचे क्रमांक, गेट पासच्या तारखा आणि तुम्हाला निरोप कसा मिळाला हे जेवढं आठवतं तेवढं लिहा, वर आजची तारीख घाला. आकड्यांचं टिपण कच्चं का होईना तयार ठेवा. महिनाअखेरची वाट पाहू नका, कारण त्या दिवशी साहेबांकडे ऐकायला वेळ नसेल आणि तुमच्याकडे धीर नसेल. उद्या सकाळी फोन सुरू व्हायच्या आत त्यांच्याकडे जा, दार लावून घ्या आणि गेल्या तिमाहीच्या बिलांपासून सुरुवात करा.